अकरा आणि एक

जेठवानींनी काउंटरवर दोन बोर्ड शेजारी शेजारी ठेवले.
दोन्ही निळे, तळहाताएवढे.
एकाचा निळा जरा जास्तच निळा,
अक्षरं कललेली, घाईत छापलेल्या लग्नपत्रिकेसारखी.
"हा एकवीसशे. हा दोनशे साठ.
फरक विचाराल मॅडम, तर हा चालतोच.
आणि हा चालला तर चालतो."

गोलाणी मार्केटात मे महिन्याच्या दुपारी
पंखासुद्धा गरमच वारा ढकलतो.
पर्समध्ये शाळेचे पाच हजार, पक्की पावती आणायच्या अटीवर,
डोक्यात आठवीची चोवीस पोरं.
महागाचे घेतले तर दोन,
म्हणजे एकावर बारा जण
आणि मागच्याला दिसणार फक्त पुढच्याची मान.
स्वस्तातले घेतले तर एकोणीस.
त्यांना नकली तरी कसं म्हणू?
नकाशा जगाला खुला आहे, बनवणारा चोर नाही,
फक्त काटकसरी;
कुठल्या पायाला किती कथील, त्यातही पैसा वाचवणारा.

माझे वडील अमळनेरच्या सराफ्यात तराजूवर बसायचे.
दुकान दुसऱ्याचं.
रोजची वजनं हाताळून हाताळून झिजत,
म्हणून एक शिक्क्याचं वजन फडक्यात गुंडाळून गल्ल्यामागे असे.
त्यानं कधी सोनं तोललं नाही.
त्यानं वजनं तोलली.

एक तो, अकरा हे.
चार हजार नऊशे साठ.
उरलेल्या चाळिसात बसस्टँडवर चहा आणि वडा,
हिशेबात 'प्रवास' या नावाखाली.

जूनमध्ये खोकं उघडलं.
महागाचा बोर्ड पोरांनी हात मागे बांधून पाहिला,
देव्हाऱ्यातली वस्तू बघावी तसा.
मी तो कपाटात ठेवला. किल्ली माझ्याकडे.
अकरा मात्र हातोहात गेले.
दहांचे दिवे लुकलुकले, त्यातल्या चारांचे
ड्रायव्हर शोधता शोधता मधली सुट्टी संपल्यावर.
पाच नंबरचा गप्प.

पाच नंबर हर्षाली सैंदाणेकडे होता.
पहिल्या दिवशी तिनं प्रोग्राम पुन्हा लिहिला.
दुसऱ्या दिवशी वहीत उतरवून घरी नेला,
सकाळी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
"बोर्ड चांगला शे मॅडम. मनीच चुकी व्हई."
आणि मी, बी.एस्सी. झालेली,
मीही म्हणाले, "अर्धविराम बघ गं, अर्धविराम राहिला असेल."

त्या रात्री झोप लागली नाही.
जुन्या माणसाला कळतं, वायर खोटी आहे की आपण.
नवं शिकणाऱ्याकडे संशय घ्यायला
स्वतःशिवाय असतंच कोण?
दोनशे साठ रुपयांत हे कुठे लिहिलं होतं?

सकाळी कपाट उघडलं.
तीच वायर, तोच प्रोग्राम, तिचाच, एक टिंबही न बदलता.
दिवा लागला. विझला. लागला.
हर्षाली हसली नाही.
बराच वेळ बघत राहिली, मग हळूच,
"म्हंजे मनी चुकी नव्हतीच?"
नव्हती, बाई.
तीन दिवस नव्हती.

किल्ली तेव्हापासून खिळ्याला असते.
कुणाचं अडलं की तो बोर्ड बाहेर येतो,
पाच मिनिटं साक्ष देतो, परत जातो.
एरवी त्या दहांवरच सगळा धुडगूस.
ऑगस्टात किशोर बोरसेनं बारा व्होल्टची बॅटरी उलटी जोडली,
वर्गभर जळका वास, पोरं खिडकीकडे पळाली,
आणि किशोर जागीच उभा, कानशील धरून, माराची वाट बघत.
दोनशे साठ, मी मनात म्हटलं.
"कुठला भाग आधी तापला ते सांग," एवढंच विचारलं.
त्यानं बोट ठेवलं. बरोबर ठेवलं.
एकवीसशे जळाले असते
तर मी हे विचारलं असतं का, मला माहीत नाही.

पाच नंबर फेकायचा होता.
हर्षालीनं मागून घेतला.
पाठीवर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहिलं,
"दोष याचा",
आणि खाली तारीख.